साक्ष माशीच्या पायाची

मुलांनो, ही गोष्ट आमच्या वर्गातल्या काडेपेट्यांपासून सुरू होते.

आमच्या गावाच्या कडेला एक काका मधपेट्या ठेवतात. परिसर अभ्यासाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना तिकडे घेऊन गेले होते. जिवंत माशीला कुणी हात लावायचा नाही, असा दम आधीच भरला होता. पण पेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्या पडलेल्या असतात. मधमाश्या भारी टापटिपीच्या बरं का! आत एखादी माशी मेली की काही कामकरी माश्या तिला ओढत बाहेर आणतात आणि टाकून देतात. त्या मेलेल्या माश्या मुलांनी काडेपेट्यांत गोळा केल्या. शिवाय शाळेच्या व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली सकाळी मोठ्या आग्या माश्या मरून पडलेल्या सापडतात, त्याही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात काम दिलं, 'या माश्यांचे गट करा.' बहुतेकांनी दोन ढीग केले. मोठ्या आग्या एकीकडे, लहान सातेरी दुसरीकडे. एका मुलीने मात्र तीन ढीग केले. सातेरीचे तिने दोन भाग केले होते, काळपट आणि पिवळसर. काकांची एक पेटी गावातलीच होती आणि दुसरी त्यांनी वर घाटावरून आणली होती. त्या दोन पेट्यांमधल्या माश्या तिने बरोबर वेगळ्या काढल्या होत्या.

मी म्हटलं, "अगं, या दोन्ही सातेरीच. एका झाडाचे आंबे तरी कुठे सगळे सारख्या रंगाचे असतात?" आणि तिच्या वहीत लाल पेनाने लिहिलं, 'दोनच गट.'

तिने मान हलवली, पण जागेवर जाईना. म्हणाली, "बाई, पण त्या एकच आहेत हे कळलं कसं?"

मी म्हटलं, "पुस्तकात तसं दिलंय."

मुलाच्या प्रश्नाला असं उत्तर कधी देऊ नये, हे आम्हाला डीएडला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं! घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर एसटीत बसला आणि घरापर्यंत आला. दोन प्राणी एकाच जातीचे की वेगळ्या जातीचे, हे ठरवतात तरी कसं? मग मी शोधायला लागले. जे सापडलं, ते तुम्हाला सांगते.

आपल्याकडे मधमाश्या कोणकोणत्या, हे तुमच्यातल्या खेड्यातल्या मुलांना तोंडपाठ असेल. उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला लोंबणारं आग्यामोहोळ, झाडाच्या ढोलीत एकामागे एक पोळी लावणारी सातेरी, झुडपात एवढंसं एकच पोळं बांधणारी फुलोरी, आणि भिंतीच्या भेगेत राहणारी, नांगी न मारणारी इवलीशी पोया. या चौघी वेगळ्या, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आकार वेगळा, घर वेगळं. अडचण येते ती सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या माश्यांची.

शाळेत आपण एक साधा नियम शिकतो. ज्यांची आपसात वीण होते आणि पुढे त्यांच्या पिल्लांनाही पिल्लं होतात, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मतं, पण खेचराला सहसा पिल्लू होत नाही. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळं. नियम छान आहे, पण माश्यांना तो लावायचा कसा? मधमाशीची राणी आणि नर हवेत उंच उडताना भेटतात. तिथे जाऊन कोण बघणार? शिवाय आपल्याला फुलावर दिसतात त्या कामकरी माश्या. त्यांची वीण होतच नाही. मग उरतो रंग. आणि रंग फसवतो.

किती फसवतो, हे बघायला आपल्याला थोडं लांब जावं लागेल, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये. तिथे एक गुबगुबीत, केसाळ माशी असते. तिचं नाव बंबलबी. आपल्याकडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा असतो ना, तो नव्हे हं. बंबलबीच्या अंगावर लोकरीसारखे दाट केस असतात, म्हणून ती थंडीतही उडू शकते. आपल्या सह्याद्रीत ती नाही, पण हिमालयात तिच्या बऱ्याच जाती आहेत. उंदराच्या जुन्या बिळात किंवा गवताच्या बुंध्याशी तिचं घर असतं. हिवाळा आला की सगळं कुटुंब संपतं. फक्त नव्या राण्या जमिनीत झोपून राहतात आणि वसंतात पुन्हा पहिल्यापासून संसार मांडतात.

तर या बंबलबींपैकी एक तिथे घरोघरच्या बागेत दिसते. काळं अंग, दोन पिवळे पट्टे आणि शेपटीकडचा भाग पांढराशुभ्र. लोक तिला 'पांढऱ्या शेपटीची' म्हणतात. कार्ल लिनियस हे स्वीडनचे मोठे शास्त्रज्ञ. प्राण्यांना आणि झाडांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यांनी या माशीला १७६१ साली 'लुकोरम' हे नाव दिलं. पुढे १७७५ मध्ये फॅब्रिशियस यांनी तशाच एका माशीला 'क्रिप्टारम' म्हटलं आणि १९११ मध्ये फोग्ट यांनी आणखी एकीला 'मॅग्नस' म्हटलं.

झालं, भांडणाला सुरुवात! काही अभ्यासक म्हणत, या तीन वेगळ्या जाती आहेत. काही म्हणत, छे, एकीचेच तीन नमुने. मॅग्नसच्या राणीच्या गळ्याचा पिवळा पट्टा रुंद असतो, पंखांच्याही खाली उतरतो, असं सांगितलं जाई. क्रिप्टारमच्या पट्ट्यात इंग्रजी 'एस' अक्षरासारखी काळी वळणदार रेघ असते, असंही म्हणत. पण एखादी माशी अशी सापडे की तिचा पट्टा धड रुंद नाही, धड अरुंद नाही. जुन्या माशीचे केस झडलेले असत, उन्हाने रंग उडालेला असे. हे सगळं राण्यांबद्दल. कामकरी माश्यांमध्ये तर काही कळायचंच नाही. भिंगातून बघून बघून डोळे दुखायचे, आणि शेवटी वहीत 'पांढऱ्या शेपटीची' एवढंच लिहून मोकळं व्हायचं.

तुम्ही म्हणाल, लिहिलं तर लिहिलं! माशीच ती. त्याने काय बिघडलं?

सांगते. समजा, वर्गात तीन पूजा आहेत, पण हजेरीपटावर नाव एकदाच लिहिलंय, 'पूजा'. मी हाक मारते, कुणीतरी एक 'हजर बाई' म्हणते, मी टिक करते. त्यातली एक पूजा महिनाभर शाळेत आलीच नाही, तरी मला पत्ता नाही. कारण हजेरीपट भरलेला दिसतोय! माश्यांचं तसंच. 'पांढऱ्या शेपटीची' पुष्कळ दिसतेय, म्हणून सगळे निश्चिंत. त्या नावाखाली तीन जाती असल्या आणि त्यातली एक घटत चालली असली, तरी मोजणाऱ्यांच्या वहीत काहीच दिसणार नाही. आणि बंबलबी नाहीशा होतात, ही काही नुसती भीती नाही. ब्रिटनमध्ये कलुमानस नावाची बंबलबी १९४१ नंतर दिसली नाही. सबटेरेनियस नावाची १९८८ मध्ये शेवटची दिसली आणि पुढे २००० साली ती ब्रिटनमधून नष्ट झाल्याचं जाहीर करावं लागलं. निदान त्यांची नावं वेगळी होती, म्हणून गेल्याचं कळलं तरी.

मग रंगाऐवजी दुसरा साक्षीदार शोधायला हवा होता. तो सापडला माशीच्या पेशीत.

आता जरा लक्ष देऊन वाचा, हा भाग महत्त्वाचा आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो, हे वरच्या वर्गातल्या मुलांना माहीत आहे. डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. ए, टी, सी आणि जी ही ती चार अक्षरं. आईवडिलांकडून पिल्लांकडे जाताना या मजकुराची नक्कल होते. नक्कल फार काळजीपूर्वक होते, पण अधूनमधून एखादं अक्षर बदलतंच. शुद्धलेखन उतरवताना तुमचं होतं ना, तसं. आणि एकदा बदललं की पुढच्या सगळ्या नकलांमध्ये ते बदललेलंच उतरतं.

यावरून नातं कसं कळतं? ते आम्हा शिक्षकांना विचारा! पेपर तपासताना दोन मुलांनी एकाच ठिकाणी एकच चूक केलेली दिसली, तर मला शंका येते. चार ठिकाणी त्याच चार चुका दिसल्या, तर मी डोळे मिटून सांगते की हे दोघं एका बाकावर बसले होते. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी असतात, त्यावरून काही कळत नाही. चुका मात्र सांगतात की कुणी कुणाचं बघून लिहिलं. डीएनएतही तसंच आहे. एकाच जातीच्या माश्यांमध्ये तेच ते बदल सापडतात, कारण त्यांचा मजकूर एकाच घराण्यातून उतरत आलाय. दोन घराणी फार पूर्वी वेगळी झाली असतील, तर प्रत्येकाचे बदल निराळे. (डीएनएतल्या बदलाला मी 'चूक' म्हटलं ते समजावण्यापुरतं. त्यातले कितीतरी बदल अगदी निरुपद्रवी असतात.)

माशीचा सगळा डीएनए वाचायचा म्हणजे कोट्यवधी अक्षरं. तेवढी गरजही नसते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुचवलं की सगळ्या प्राण्यांचा एक ठरावीक, छोटासा उतारा वाचू या. साधारण ६५० अक्षरांचा. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघांचा बारकोड असतो, त्यावरून दुकानातलं यंत्र वस्तू ओळखतं. तसा हा प्राण्यांचा बारकोड. एकाच जातीच्या दोन प्राण्यांच्या उताऱ्यात अक्षरांचे फरक सहसा थोडे असतात आणि दोन जातींमध्ये बरेच जास्त.

हा उतारा पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये असतो. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर. तिचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. माश्यांनाही तसाच. त्यामुळे एका राणीच्या पोटच्या सगळ्या माश्यांच्या तंतुकणिकांमध्ये राणीचाच मजकूर असतो. एका घरातली एक माशी तपासली, तरी सगळ्या घराचं माहेर कळतं!

इथे एक कोडं घालते. असा कोण आहे, ज्याला वडील नाहीत, पण आजोबा आहेत? उत्तर आहे नर मधमाशी. राणीच्या फळलेल्या अंड्यातून मादी जन्मते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. म्हणून नराला फक्त आई. पण त्या आईला वडील होतेच की. बंबलबीचंही असंच आहे. उद्या वर्गात विचारून बघा हे कोडं.

आता डीएनए काढायचा कुठून? त्यासाठी माशी मारायची का? जी वाचवायची तिलाच मारायचं, हे काही बरं नाही. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे तपासलं. बंबलबीच्या मधल्या पायाचं अगदी टोक, नखाएवढं म्हणण्याइतकंही नाही, एवढंच कापून घेतलं. कामकरी माश्या त्यानंतरही पूर्वीइतक्याच जगल्या. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २०१३ मध्ये आणखी पुढची युक्ती दाखवली. माशीला थोडा वेळ डबीत ठेवायचं, ती शी करते, मग तिला सोडून द्यायचं. त्या शीमध्ये माशीच्या पेशी असतात, त्यांच्यातून डीएनए मिळतो! हे वर्गात सांगितलं तेव्हा पाच मिनिटं हसण्यात गेली. मीही थांबवलं नाही.

पायाच्या टोकात डीएनए असतो तो किती? अगदी कणभर. पण करोनाच्या साथीत २०२० साली आपण सगळ्यांनी 'आरटीपीसीआर' हा शब्द ऐकला होता ना? त्यातल्या 'पीसीआर'चं काम हेच. हव्या त्या उताऱ्याच्या लाखो नकला काढायच्या, झेरॉक्स मशीनसारख्या. नकला पुरेशा झाल्या की अक्षरं वाचता येतात.

आयर्लंडमधल्या संशोधकांनी वाचण्याचंही काम सोपं केलं. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विकरं कात्रीसारखी असतात. मजकुरात एक ठरावीक शब्द आला की तिथेच कापायचं, नाही आला तर हातही लावायचा नाही. तीन घराण्यांच्या उताऱ्यांत तो शब्द वेगवेगळ्या जागी येतो, त्यामुळे तुकडेही वेगवेगळ्या लांबीचे होतात. ते तुकडे जेलीसारख्या थरात घालून विजेचा प्रवाह सोडला की लहान तुकडे भरभर पुढे पळतात आणि मोठे मागे रेंगाळतात. जेलीवर पट्टे उमटतात. पट्ट्यांची ठेवण बघायची आणि सांगायचं, ही लुकोरम, ही क्रिप्टारम, ही मॅग्नस. आयर्लंडमध्ये तिन्ही निघाल्या.

मग २०१२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी उलट तपासणी केली. आधी डीएनएवरून राण्यांची जात ठरवली आणि नंतर त्यांचे रंग, पट्टे मोजून पाहिले. काय दिसलं? रुंद पट्टा, वळणदार रेघ, सगळ्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या. नुसत्या रंगावरून जात खात्रीने सांगता येत नाही, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. शंभराहून अधिक वर्षं लोक भिंगातून बघून भांडत होते, त्यात कुणाच्या डोळ्यांचा दोष नव्हता. तो फरक अंगावर नीटसा लिहिलेलाच नव्हता.

पण थांबा. एका साक्षीदारावर विसंबून कोर्ट निकाल देतं का? तंतुकणिका फक्त आईकडची हकीकत सांगते, बापाकडची नाही. कधी दोन जातींचा संकर झालेला असेल, तर ती फसवूही शकते. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. बंबलबीचे नर गवताच्या पात्यांवर, डहाळ्यांवर आपला वास लावून ठेवतात. राणीला बोलावण्याची ती चिठ्ठीच म्हणा ना. डोक्यातल्या एका ग्रंथीतून हा वास येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वासातली रसायनं आणि तंतुकणिकेचा डीएनए, दोन्ही एकत्र तपासले होते. दोन्ही साक्षी जुळल्या. ज्यांचा मजकूर वेगळा, त्यांचा वासही वेगळा! आपल्याला सारख्या दिसत असल्या, तरी त्या माश्या एकमेकींना बरोबर ओळखत होत्या.

नावं नक्की झाल्यावर मग खरा उपयोग सुरू झाला. कोण कुठे राहते, काय खाते, हे आता वेगवेगळं लिहिता येऊ लागलं. स्कॉटलंडमध्ये माळरानावर हीथर नावाची जांभळ्या फुलांची खुरटी झुडपं असतात. डोंगरच्या डोंगर त्यांनी भरतात. मॅग्नसचा जीव या हीथरवर आहे, असं दिसून आलं. ती बहुतेक करून याच फुलांवर जाते. लुकोरमचं तसं नाही, ती बागेतही खूश. म्हणजे बघा, उद्या हीथरची माळरानं नांगरली, तर मॅग्नस अडचणीत येणार आणि बागांमध्ये पांढऱ्या शेपट्या मात्र तशाच दिसत राहणार. हजेरीपटावर 'हजर'!

हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय?

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी मोठं आहे, अगदी आकारानेसुद्धा. हिमालयातल्या उंच कड्यांवर एक प्रचंड मधमाशी राहते. नेपाळमध्ये लोक दोराच्या शिडीला लोंबकळत तिचा मध काढतात. ती आपल्या आग्या माशीची बहीण, पण जास्त मोठी आणि गडद पोटाची. जगातल्या मधमाश्यांमध्ये सगळ्यात मोठी तीच. फ्रेडरिक स्मिथ यांनी १८७१ मध्ये तिला 'लेबोरिओसा' असं वेगळं नाव दिलं होतं. तरी पुढे बरीच वर्षं अनेक अभ्यासक तिला आग्याचाच थंडीतला प्रकार समजत होते. डीएनएच्या अभ्यासांनी ती वेगळी असल्याला बळ दिलं. आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं की अरुणाचल प्रदेशात काही ठिकाणी आग्या आणि लेबोरिओसा जवळजवळ राहतात, पण दोघींच्या मधली, मिश्र अशी माशी सापडत नाही. शेजारी राहूनही वीण होत नाही, म्हणजे घोडा-गाढवाचा तो नियम इथे उंच कड्यावर पाहायला मिळाला.

आणि सातेरी? त्या मुलीची काळपट आणि पिवळसर सातेरी?

वाचता वाचता मी इथे पोचले आणि मला चांगलाच घाम फुटला. दक्षिण भारतात सातेरीच्या काळ्या आणि पिवळ्या अशा दोन तऱ्हा आहेत, हे मधपाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. काळी जास्त करून डोंगराळ भागात, पिवळी सपाटीवर. या दोन रंगांच्या माश्यांची आपसात वीण होत नसावी, असे पुरावे काही शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडले. पुढे २०२२ मध्ये केरळमधल्या संशोधकांनी पंखांवरच्या शिरांची मापं आणि तंतुकणिकेचा डीएनए यांच्या आधारे सांगितलं की पश्चिम घाटातली काळी मधमाशी ही वेगळीच जात आहे. मल्याळम बोलीतल्या नावावरून त्यांनी तिला 'करिंजोडियन' हे नाव दिलं. गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूचा काही भाग, असा तिचा मुलूख त्यांनी सांगितला. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, आणखी साक्षी हव्यात असं काहींचं म्हणणं आहे. शंभर-दोनशे वर्षांचं भांडण आपण बघितलंच, तसं हे आत्ता चालू असलेलं भांडण आहे.

मधपाळांना यात मोठा रस आहे. घाटातल्या माशीला वेगळं नाव मिळालं, तर कुठली पेटी कुठे न्यायची, कुठली राणी कुठे वाढवायची, याचा विचार वेगळा करावा लागेल. आमच्या काकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, वरची पेटी खाली आणली की तिचा स्वभाव वेगळा वाटतो, हे आम्ही कधीपासनं बोलतोय. कुणी विचारलं नाही."

आता, त्या मुलीचे तीन ढीग बरोबर होते असं मी म्हणू का? तसंही म्हणता येणार नाही. एकाच जातीत रंगाचे फरक असतातच. नुसत्या रंगावर विसंबलं की काय होतं, ते पांढऱ्या शेपटीच्या माश्यांनी दाखवलंय. तिथे रंग सारखे होते आणि जाती तीन होत्या. इथे रंग दोन आहेत, जात कदाचित एकच असेल. पण माझा लाल शेरा मात्र नक्की चुकला होता.

मी तिची वही मागून घेतली. ती आता पाचवीत आहे, तरी जुनी वही तिने जपून ठेवलेली होती. 'दोनच गट' वर काट मारली आणि खाली लिहिलं, 'प्रश्न बरोबर. उत्तर शोधत आहोत.' तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग बाई, आपल्या माश्या तपासायला कुठे द्यायच्या?"

म्हटलं, आधी त्या नीट ठेवू. कुठली माशी, कुठल्या पेटीची, कुठल्या तारखेची, हे लिहिलेलं नसेल तर ती माशी मोठ्या प्रयोगशाळेतही बिनकामाची. नमुन्यावर चिठ्ठी लावणं, हे शास्त्रज्ञांचं पहिलं काम असतं. तुम्हीही मेलेले किडे, पिसं, शिंपले गोळा करत असाल तर एवढं जरूर करा. (आणि मोहोळाच्या जवळ कुणी जायचं नाही. आग्या माशी चिडली तर फार लांबपर्यंत पाठलाग करते. हे आईबाबांनीही वाचावं.)

आम्ही जुन्या काडेपेट्या कपाटातून काढल्या, तर आत माश्या कुठे होत्या? मुंग्यांनी सगळं फस्त केलेलं. तळाशी फक्त पंख उरले होते. मी पेटी कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात तिने हात धरला. "बाई, पंखांवरच्या शिरा मोजतात असं तुम्हीच सांगितलं ना?"

पंख तिने कागदाच्या पुडीत भरले, वर 'घाटावरची पेटी' असं लिहिलं. नव्या माश्यांसाठी आम्ही घट्ट झाकणाची बरणी आणली आहे, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून तिच्यात दोन डांबरगोळ्या टाकल्या आहेत.